जुनं गेमिंग कॅबिनेट: आधी वीज, मग हवा, मग नवे पार्ट

गावाकडे गेमिंग कॉम्प्युटर सहसा नवा येत नाही. पुण्या-नागपूरला शिकणारा दादा नोकरीला लागतो, लॅपटॉप घेतो आणि त्याचं जुनं मशीन एसटीनं घरी येतं. नाहीतर तालुक्याचा एखादा सायबर कॅफे बंद होतो आणि त्यातलं कॅबिनेट कुणीतरी उचलतं. आत बहुतेक वेळा २०१३ ते २०१८ च्या दरम्यानचा माल असतो: इंटेलचा चौथ्या ते सातव्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क आणि जीटीएक्स ७५० टीआय किंवा १०५० टीआयसारखं ग्राफिक कार्ड. हे भंगार नाही. नीट हात फिरवला तर त्यावर आजही गेम चालतात, व्हिडिओ एडिटिंग होतं आणि कॉलेजचं काम तर आरामात निघतं.

नव्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "दादा, कार्ड कोणतं टाकू?" माझं उत्तरही ठरलेलं आहे. आधी घरची वीज बघ, मग कॅबिनेटमधली हवा बघ, कार्डाचं नंतर पाहू. आपल्याकडे मे महिन्यात अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं. कापसाच्या दिवसांत घरभर तंतू उडतात. एसीच्या खोलीत बसून केलेल्या व्हिडिओंत यातलं काहीच येत नाही, म्हणून पुढचा क्रम मी आपल्या भागाच्या हिशोबानं लावला आहे.

उघडण्याआधी

अर्धी माहिती मशीन चालू असतानाच मिळते. सीपीयू-झेड आणि एचडब्ल्यूइन्फो ही दोन फुकट सॉफ्टवेअर टाका. पहिल्यात प्रोसेसर, मदरबोर्डचं मॉडेल आणि रॅमचा प्रकार कळतो, दुसऱ्यात तापमान. मशीन नुसतं चालू असताना प्रोसेसर आणि कार्ड किती अंशांवर आहे, अर्धा तास गेम खेळल्यावर किती, आणि त्या वेळी खोलीचं तापमान काय होतं, हे तारखेसकट वहीत लिहा. खोलीचं तापमान विसरू नका. जानेवारीत २० अंशांच्या खोलीत ६० दाखवणारा प्रोसेसर टिनाखालच्या ४२ अंशांच्या खोलीत ८२ दाखवणारच. त्यात बिघाड नाही, साधी बेरीज आहे. इंटेलचे या पिढीतले बहुतेक प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास आपला वेग आपणच कमी करतात. गेम अडकू लागतो तो तिथे.

हार्ड डिस्कची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फोवर बघा. पिवळी किंवा लाल खूण आली तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि घरचे फोटो, सातबाऱ्याचे स्कॅन, अभ्यासाच्या फायली आधी दुसरीकडे कॉपी करा.

अर्थिंग

अनवाणी उभं राहून कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला बोट लावलं की झिणझिण्या येतात काय? बऱ्याच घरांत येतात, आणि "थोडा करंट मारते" म्हणून लोक सोडून देतात. सोडू नका. एसएमपीएसच्या (कॅबिनेटला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) आत विजेतली खरखर गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. ते फेज आणि न्यूट्रल या दोन्ही वायरींपासून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यातून झिरपणारा करंट मुकाट जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर पत्रा अधांतरी राहतो आणि त्यावर २३० च्या निम्मं, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास व्होल्टेज येतं. करंट अगदी थोडा, त्यामुळे माणूस नुसता दचकतो. पण एचडीएमआयची वायर टीव्हीला लावताना तेच व्होल्टेज पोर्टावर उतरतं आणि पोर्ट जळू शकतो. त्याहून वाईट म्हणजे, आतली फेज वायर कधी खरोखरच पत्र्याला टेकली तर अर्थिंगशिवाय एमसीबी (धोका झाला की आपोआप बंद होणारा स्विच) पडत नाही. तो झटका जीवघेणा असतो.

हे काम वायरमनकडूनच करून घ्या, पण तो काय मोजतोय ते बाजूला उभं राहून बघा. मल्टिमीटरवर फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास यायला हवेत, फेज आणि अर्थमध्ये जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-चार व्होल्ट. फेज-अर्थमध्ये काहीच येत नसेल किंवा आकडा तरंगत असेल, तर बोर्डातलं तिसरं भोक नुसतं शोभेचं आहे. कोळसा-मिठाचा खड्डा घेतलेला असेल तरी एक गोष्ट ध्यानात ठेवा: आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, कोरडी पडते आणि अर्थिंग कमजोर होतं. मार्चपासून पाऊस पडेपर्यंत त्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी टाकत जा. थ्री-पिनला टू-पिन करणारा जोडही काढून टाका.

यूपीएस घेताना व्हीएचा आकडा वॉट समजू नका. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॉटपर्यंतच भार घेतो, आणि तोही काही मिनिटं. गेम सेव्ह करून मशीन नीट बंद करायला तेवढं पुरतं. विजा कडाडू लागल्या की यूपीएसवर विसंबू नका, प्लगच काढा. इंटरनेटची वायर छतावरून येत असेल तर तीही काढा.

पत्रा काढणं

मशीन बंद करा, मागून पॉवरची वायर पूर्ण काढा आणि मग समोरचं पॉवर बटन दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेला चार्ज निघून जातो. कॅबिनेट लाकडी टेबलावर आडवं ठेवा. गोधडी, सतरंजी, सिंथेटिक चादर खाली नको, कारण कोरड्या हवेत त्यांच्यावर स्थिर वीज साठते. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा, आणि काम चालू असताना अधूनमधून लावत राहा.

समोरून पाहिलं की डाव्या बाजूचा पत्रा उघडायचा. मागचे दोन स्क्रू काढून तो मागे सरकवला की सुटतो. बाजूला काच असेल तर शेवटचा स्क्रू काढताना दुसऱ्या हातानं ती धरून ठेवा, आणि काढलेली काच फरशीवर उभी करू नका. टेम्पर्ड काचेची कड टाइलला टेकली की ती क्षणात चुरा होते. काच गादीवर ठेवा.

साहित्य थोडकं लागतं: टोकाला मॅग्नेट असलेला स्टार स्क्रूड्रायव्हर, टॉर्च, मऊ ब्रश, चिमटा, आणि स्क्रूंसाठी दोन वाट्या. हार्ड डिस्कचे स्क्रू जाड आट्यांचे आणि एसएसडीचे (चिपवर चालणाऱ्या वेगवान डिस्कचे) बारीक आट्यांचे असतात. एकाचा दुसऱ्यात पिळला तर आटे जातात, म्हणून वाट्या वेगळ्या. काहीही सोडण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा. मदरबोर्डच्या खालच्या कोपऱ्यात समोरच्या बटनांच्या बारीक वायरी येतात, पॉवर स्विच, रिसेट, एचडीडी एलईडी अशी नावं असलेल्या. तिथला फोटो जवळून आणि स्पष्ट हवा. नवशिक्यांचा सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो.

आत काय बघायचं

कार्ड, रॅम, वायरी यांना हात न लावता आधी नुसती टॉर्च फिरवा. मागच्या बाजूला कार्डांच्या खाचांवरच्या पट्ट्या आहेत की गायब? गायब असतील तर तिथून पाल आणि उंदीर आत जातात. उंदीर वायरी तर कुरतडतोच, त्याच्या मुतानं बोर्डावरचं तांबंही सडतं. हिरवट-पांढरे डाग दिसले तर समजा पाहुणा येऊन गेला. मग प्रोसेसरच्या आसपासचे गोल कपॅसिटर बघा. त्यांचे माथे सपाट हवेत. एखादा फुगलेला असेल किंवा बुडाशी तपकिरी चिकट काही आलं असेल, तर त्या बोर्डावर नवा पैसा घालू नका.

एसएमपीएस वर बसवलेला आहे की खाली, हेही लिहून ठेवा. जुन्या कॅबिनेटात तो वर असतो आणि प्रोसेसरची गरम हवा त्याच्याच पोटातून बाहेर जाते. उन्हाळ्यात असा एसएमपीएस दुहेरी तापतो.

धूळ

पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर वापरायचा मोह होतो, पण त्याच्या टाकीत पाणी साठलेलं असतं आणि हवेबरोबर तेलाचे कणही येतात. घरगुती इलेक्ट्रिक ब्लोअर पुरतो. कॅबिनेट अंगणात न्या, नाकाला रुमाल बांधा, आणि ब्लोअर मारताना प्रत्येक पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. मोकळा पंखा हवेनं जोरात फिरला की बेअरिंग खराब होतं.

खरी घाण मात्र वरून दिसत नाही. इंटेलच्या गोल कूलरचा पंखा वरून ठीकठाक दिसतो. तो सोडवून उचला. पंखा आणि खालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांच्या मध्ये राखाडी रंगाची घट्ट चादर बसलेली असते: कापसाचे तंतू, त्यांत अडकलेली काळ्या मातीची भुकटी, आणि कॉम्प्युटर स्वयंपाकघराच्या बाजूला असेल तर फोडणीच्या तेलाचा चिकटपणा. चिमट्यानं एक कोपरा धरून हळू ओढलं तर ती अख्खी एका तुकड्यात निघते, आणि खाली पाती चकचकीत दिसतात. पंखा पूर्ण वेगानं फिरूनही हवा खाली पोचतच नव्हती, ती यामुळे. वेचणीच्या हंगामात, आणि हिंगणघाटसारख्या जिनिंगच्या गावांत तर थोड्या महिन्यांतच ही चादर पुन्हा तयार होते. ग्राफिक कार्डाच्या पंख्याखाली आणि एसएमपीएसच्या जाळीवर हेच बघा. एसएमपीएस मात्र बाहेरूनच फुंकायचा. तो उघडायचा नाही. त्याच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३२० व्होल्टच्या आसपास डीसी असतं आणि वायर काढल्यावरही ते काही वेळ टिकून राहतं.

कूलर काढला की थर्मल पेस्ट बदलावीच लागते. जुनी पेस्ट वाळून खडूसारखी झालेली असते. आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि तंतू न सुटणारं कापड घेऊन दोन्ही पृष्ठभाग पुसा आणि प्रोसेसरच्या मधोमध तुरीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट ठेवा. बोटानं पसरवू नका, कूलरचा दाबच ती पसरवतो. इंटेलच्या कूलरच्या चार प्लास्टिक पिना बाणाच्या दिशेनं फिरवल्या की सुटतात. परत बसवताना त्या आधीच्या जागी फिरवून, समोरासमोरच्या दोन-दोन, टक असा आवाज येईपर्यंत दाबायच्या. चारही पिना बसल्या की नाही हे बोर्डाच्या मागून बघून घ्या. एकही पिन अर्धवट राहिली तर तापमान आधीपेक्षा वाढतं. एएमडीचा एफएक्स किंवा जुना रायझेन असेल तर काढण्याआधी मशीन दहा मिनिटं चालवून गरम करा, मग बंद करून, वायर काढून कूलर थोडा डावी-उजवीकडे फिरवत उचला. थंड पेस्टवर सरळ वर ओढलं तर प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.

एवढं उघडलंच आहे तर बोर्डावरची गोल सीआर२०३२ बॅटरीही बदला. घड्याळ मागे पडत असेल तर कारण तेच.

हवेचा रस्ता

पंख्याच्या ज्या बाजूला स्टिकर आणि आडव्या दांड्या असतात, त्या बाजूनं हवा बाहेर पडते. समोरचे पंखे हवा आत घेणारे आणि मागचा बाहेर टाकणारा, एवढं साधलं तरी पुरे. समोर १२० मिमीचे दोन आणि मागे एक, ही मांडणी मला आपल्या धुळीसाठी सगळ्यात पटते. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त असली की कॅबिनेटच्या फटींतून हवा बाहेर ढकलली जाते, आणि धूळ फक्त समोरच्या जाळीवरच अडते. समोर आतून बारीक नायलॉनची जाळी लावा, ती निघेल अशी, आणि दर आठवड्याला झटका. अगरबत्ती पेटवून धूर समोर, बाजूच्या फटींजवळ, मागे धरून बघा. धूर कुठे ओढला जातो आणि कुठे ढकलला जातो ते डोळ्यांनी दिसतं.

मागच्या गायब पट्ट्यांच्या जागी पत्र्याच्या पट्ट्या मिळतात, त्या लावा. वायरी मदरबोर्डच्या मागच्या बाजूनं न्या. जुन्या कॅबिनेटात तेवढी जागा नसेल तर निदान समोरच्या पंख्यापुढून हटवा. आणि एअर कूलर! त्याची झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नका. पाण्याचे थेंब उडतात आणि आपल्या बोअरच्या पाण्यातला क्षार बोर्डावर बसतो. कूलर खोली थंड करतो, तेवढं बस आहे. कॅबिनेट जमिनीपासून उंच आणि भिंतीपासून वीतभर दूर ठेवा.

एसएमपीएस

डब्यावरचा मोठा आकडा वाचू नका, बाजूचं लेबल वाचा. त्यावर +१२ व्होल्टच्या रकान्यात अँपिअर लिहिलेले असतात, आणि प्रोसेसर अन् कार्ड तिथूनच खातात. समजा डब्यावर ४५० वॉट आहे आणि +१२ व्होल्टला १६ अँपिअर लिहिलंय. १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॉट. आय५-४५९० ला ८४ वॉट आणि १०५० टीआयला ७५ वॉट धरले तर १५९ इथेच झाले. पंखे, डिस्क, उन्हाळा आणि पडलेलं व्होल्टेज यांच्यासाठी काय उरलं? अशा एसएमपीएसवर मोठं कार्ड टाकणं म्हणजे मदरबोर्डसकट सगळं पणाला लावणं. जवळचे पहिले पैसे चांगल्या कंपनीच्या, ८० प्लसचा (विजेची नासाडी कमी असल्याचा) शिक्का असलेल्या, +१२ व्होल्टवर जवळपास पूर्ण वॉटेज देणाऱ्या एसएमपीएसवर घाला. आत घेण्याचं व्होल्टेज १०० ते २४० लिहिलेलं असेल तर संध्याकाळच्या कमी व्होल्टेजलाही तो तग धरतो. जुन्या एसएमपीएसच्या मागे ११५/२३० चं लाल बटन असतं. ते २३० वरच राहू द्या. ११५ वर गेलं आणि स्विच पाडला की स्फोटच.

नव्या एसएमपीएसला त्याच्याच वायरी लावायच्या. मॉड्युलर (एसएमपीएसमधून सुटणाऱ्या) वायरींचं टोक सारखं दिसलं तरी एका कंपनीच्या पिना दुसरीशी जुळतीलच असं नसतं.

आता नवे पार्ट

सगळ्यात आधी एसएसडी. साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्याच वायरीवर चालणारी) सेकंदाला साधारण ५०० एमबी वाचते, जुनी हार्ड डिस्क त्याच्या तिसरा-चौथा हिस्साच, आणि छोट्या छोट्या फायलींत तर फरक कितीतरी पट आहे. बोर्डावर ६ जीबीपीएस लिहिलेल्या साटा पोर्टात ती लावा. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) एएचसीआय, म्हणजे डिस्क चालवण्याची पद्धत, चालू आहे का ते बघा, पण आधीचंच विंडोज ठेवणार असाल तर ते एकदम बदलू नका, विंडोज उघडणार नाही. एच८१सारख्या चौथ्या पिढीच्या साध्या बोर्डांवर एम.२ ची खाच नसते, तेव्हा त्या खाचेत बसणाऱ्या एनव्हीएमई एसएसडीच्या मागे लागू नका. हार्ड डिस्क फायली ठेवायला राहू द्या.

रॅम घेताना डीडीआर३ की डीडीआर४ हे सीपीयू-झेडमध्ये बघितलेलं असतंच. दोघांची खाच वेगळ्या जागी असते, जोर लावून बसत नाही. एकाच मापाच्या दोन कांड्या लावा, म्हणजे ड्युअल चॅनल (दोन्ही कांड्या एकदम वापरणं) चालतं. एच८१ वर दोनच खाचा असतात आणि १६ जीबीची मर्यादा. तेवढी भरली की पुरे.

ग्राफिक कार्ड आता. पीसीआय एक्सप्रेसची खाच स्वतः ७५ वॉट देते, ६ पिनची वायर आणखी ७५, ८ पिनची १५०. वेगळी वायर नको असेल तर १०५० टीआय किंवा जीटीएक्स १६५० ची बिनवायरची आवृत्ती बघा. १६५० मध्ये काहींना ६ पिन लागते, म्हणून फोटो नीट पाहूनच घ्या. आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी जुन्या बोर्डांसाठी मी सुचवत नाही. ही कार्डं खाचेतल्या चारच लेन (माहिती जाण्या-येण्याचे रस्ते) वापरतात, आणि पीसीआय एक्सप्रेस ३.० च्या बोर्डावर मागे पडतात. घेण्याआधी टेप लावून मागच्या पट्टीपासून हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत लांबी मोजा. जुन्या कॅबिनेटात लांब कार्ड तिथेच अडतं. सेकंडहँड कार्ड असेल तर नागपूर, अमरावती, जिथे कुठे घ्याल तिथे समोर बसून अर्धा तास गेम चालवून घ्या. नुसतं विंडोज दिसलं म्हणून पैसे देऊ नका.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढची लागते. हे मशीन त्यात बसत नसेल तर त्यावर बँकेचे व्यवहार करू नका, नाहीतर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम टाका. पुढे प्रोसेसरच बदलायची वेळ आली तर बोर्ड आणि रॅमही बदलतील, पण कॅबिनेट टाकून देण्याची गरज नाही. एटीएक्स हे बोर्ड-कॅबिनेटचं ठरलेलं माप १९९५ पासूनचं आहे, आजचा बोर्डही त्याच भोकांवर बसतो. कूलरची उंची आणि समोरचा यूएसबी तेवढा जुळवून बघा.

पुन्हा चालू करताना

पत्रा लावण्याआधी चालू करून बघा. पंखे फिरतात पण स्क्रीन काळी? मॉनिटरची वायर बोर्डाला न लावता कार्डाला लावली आहे का ते आधी बघा. मग प्रोसेसरजवळची ४ किंवा ८ पिनची वायर, मग कार्डाची वायर. तरीही नाही तर वायर काढून रॅमच्या कांड्या बाहेर घ्या, सोनेरी पट्टीवर खोडरबर हलका फिरवा, अल्कोहोलनं पुसा आणि एकच कांडी लावून बघा. दोन्ही खाचांत, आळीपाळीनं. बहुतेक काळ्या स्क्रीन इथेच सुटतात. तेवढ्यानं भागलं नाही तर बोर्डावरची गोल बॅटरी पाच मिनिटं काढून ठेवा, बायोस मूळ सेटिंगवर येतो.

चालू झालं की वहीतला तोच गेम तेवढाच वेळ चालवा आणि नवे आकडे जुन्यांच्या शेजारी लिहा, खोलीच्या तापमानासकट. त्यानंतर वर्षातून दोनदा पत्रा उघडा: एकदा कापूस घरातून गेला की फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि एकदा नवतपा (मेअखेरचे सगळ्यात तापणारे नऊ दिवस) लागण्याआधी, मेच्या पहिल्या पंधरवड्यात.